पोह्यांखालचे पऱ्हे

आमचं अड्याळला किराणा दुकान आहे. माणसाची दानत पाहायची असेल तर गल्ल्यावर बसावं. वैनगंगेचं पाणी काठच्या गावांत शिरल्याची बातमी आली त्या आठवड्यात आमच्याकडे एकामागून एक गिऱ्हाईक येत होतं, चेहरा जरा पाडत होतं आणि म्हणत होतं, "पूरवाल्याइले द्याचे हायेत जी तांदूर. जरा हलक्यातले दाखवा." हीच माणसं घरी न्यायचे तांदूळ तळहातावर घेऊन फुंकर मारून पाहतात, दाणा दाताखाली धरून जुना की नवा ते ठरवतात आणि मगच पिशवी पुढे करतात. दानाचे तांदूळ मात्र त्यांना न पाहता चालत होते. एका ओळखीच्या बाईंनी तूरडाळीतही हलक्यातली मागितली तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "पूर आला म्हून लोकाइची जीभ नाई गेली वाहून." बाईंनी सामान दुसऱ्या दुकानातून घेतलं. माझा नवरा दिवसभर माझ्याशी धड बोलला नाही, कारण त्याच्या मते गल्ल्यावर बसणाऱ्याने तोंडाला कुलूप लावून बसावं.

मला एवढी चीड यायचं कारण होतं. माझं माहेर त्या पाण्यात होतं. पवनीजवळच, नदीच्या अगदी काठावर. त्या घरात आता वहिनी एकटी राहते. माझा मधला भाऊ वारला, त्याची मुलगी लग्न होऊन गेली, थोरला दादा पुण्याला स्थायिक झाला आणि मी इकडे अड्याळला. शेती वहिनीच करते. नांगरणीपासून मळणीपर्यंत कुणाला काय सांगायचं, कुणाचे बैल कधी मागायचे, सगळं तिचं तिला ठाऊक. तिने आमच्यापैकी कुणाला कधी काही मागितलेलं मला आठवत नाही.

पाणी उतरल्यावर मी गेले तेव्हा घरात गुडघ्याएवढा गाळ होता. तांदळाची कोठी भिजून आंबली होती, गाद्या अंगणात पडल्या होत्या, भिंतीवर पाण्याची रेघ दिसत होती. मी फावडं घेतलं तर वहिनी म्हणाली, "घर राहू दे. चाल, बांधी दाखवतो." आमच्याकडे धानाच्या शेताच्या बांध घातलेल्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात आणि त्या बांधाला धुरा. पूर यायच्या थोडेच दिवस आधी वहिनीने तिची मोठी बांधी रोवून काढली होती. आता तिथे राखाडी गाळ पसरला होता आणि त्यात धान आडवं पडून सडत होतं. वहिनीने रोपांचं एक चूड, म्हणजे झुबका, उपटलं. ते हातातच विरघळल्यासारखं झालं.

"मले तांदूर नोको आनू, साडी नोको आनू," ती म्हणाली. "मले पऱ्हे पाहून दे. पोऱ्याच्या आंत रोवनी झाली त धान, नाई त निरा तनीस."

तनीस म्हणजे पेंढा, आणि पोरा म्हणजे आपला पोळा. आणि पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. आधी एका तुकड्यात धान दाट पेरून रोपं वाढवायची, मग ती उपटून, पेंड्या बांधून, चिखलात ओळीने रोवायची. पऱ्हे वाढवायला तीन-चार आठवडे लागतात. नव्याने पेरून वाढवायला पोळ्याआधी तेवढे दिवस उरले नव्हते, म्हणून तयार पऱ्हेच हवे होते. एरवी ही काही अडचण नसते. रोवणी झाल्यावर पऱ्हे थोडेफार उरतातच, आणि उरलेले पऱ्हे विकायचे नाहीत, ज्याला कमी पडले त्याला "उपटून न्या" म्हणायचं, ही आमच्या भागातली जुनी रीत. त्याला कुणी दान म्हणत नाही, घेणाऱ्याला कुणी गरजू म्हणत नाही. पण या वेळी काठावरच्या सगळ्यांचंच गेलं होतं. कुणाकडे मागणार?

निघताना वहिनीने आणखी एक सांगितलं. "आनशील त दोघीइच्या पुरते आन. काकूचंबी असंच झालं." काकू म्हणजे धुऱ्यापलीकडची शेजारीण. नवऱ्याला दम्याचा त्रास, त्यामुळे शेत काकूच पाहते. काकू तेव्हा तिथेच होती. तिने तिची बांधी हाताने दाखवली. तीही तशीच राखाडी होती.

त्या दिवशी परत येताना गावातल्या शाळेसमोर कपड्यांचा ढीग पाहिला. दुपारीच एक गाडी येऊन टाकून गेली होती. ढिगात स्वेटर होते, पडदे होते, कुठल्याशा शाळेचे टाय होते आणि लग्नातली जरीची शेरवानी होती. श्रावणात, चिखलात, आंब्याच्या झाडाखाली ती शेरवानी पडली होती आणि तिची एक बाही कुत्रं ओढत होतं. दोन बायका ढिगात साडी शोधत होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "घर आमचं बुडलं बाई, कपाट त्याइचं साफ झालं." मी हसले, पण डोकं ठणकत होतं. पहिले काही दिवस तांदूळ लागले, कोरडे कपडेही लागले, खोटं कशाला बोलू. ज्यांनी रांधलेलं अन्न आणून वाढलं त्यांचे उपकार आहेत. पण नंतर काय हवं आहे हे विचारायला कुणी थांबलं नाही. गाडी यायची, फोटो व्हायचे, गाडी जायची.

घरी येऊन मी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "तांदूळ, कपडे नकोत. धानाचे पऱ्हे कुणाकडे असतील तर लगेच कळवा." लिहिलं ते जिल्ह्यातल्या नातलगांसाठी. बपेऱ्याला माझी नणंद आहे, तिचं शेत उंचावर. तिचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. त्यांची रोवणी आटोपली होती आणि पऱ्हे बरेच उरले होते, दोन बांध्यांना पुरून वर राहतील एवढे. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी गिऱ्हाइकांशी गोड बोलले.

पण त्या ग्रुपवर पुण्याचा दादाही होता.

दोन दिवसांनी त्याने मला एक निरोप पुढे पाठवला. त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याने लिहिलेला. "भंडारा जिल्ह्यातील पूरग्रस्त बांधवांना तांदूळ, कपडे नकोत. त्यांची एकच मागणी आहे : धानाचे पोहे." खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली होती. एका बाईंनी लिहिलं होतं, "किती साधी माणसं! एवढं संकट आलं तरी फक्त पोहे मागतात." दुसऱ्या कुणी लिहिलं होतं की वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथे फोन लावला.

"दादा, पोहे कोनं मांगतले?"

"तूच की. तुझं टायपिंग चुकलं होतं, मी दुरुस्त करून टाकलं."

"मी पऱ्हे लिवलं होतं. पऱ्हे. रोवतेत ते."

मग तो म्हणाला, "अगं, ते मला कसं आठवणार? आणि इथे कुणाला कळणार?" मी म्हटलं, तू त्याच घरात लहानाचा मोठा झालास. तो म्हणाला, मी कधी रोवलं नाही गं, मला बाबांनी शाळेत पाठवलं. हे खरंच होतं. त्याला वाईट वाटलं होतं हेही मला आवाजावरून कळत होतं. पण पोती भरून रवाना झाली होती. "लोकांनी मनापासून दिलंय," तो म्हणाला. "आता परत कसं करू? नाश्त्याला लागतीलच ना."

मनापासून दिलंय, हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा वीट आला. मनापासून दिलं की घेणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. शेरवानीही कुणीतरी मनापासूनच दिली असणार. दादावर मी आणखी ओरडले असते, पण ओरडून पोहे रस्त्यात थांबणार नव्हते. पोहे येऊ देत, मी मनाशी म्हटलं, पोह्यांनी कुणाचं काय बिघडणार आहे.

बपेऱ्याहून पऱ्हे आणायला टेम्पो ठरवायचं काम माझ्या नवऱ्याकडे होतं. नणंदेने घरची चार माणसं लावून पहाटेच पऱ्हे उपटले, पेंड्या बांधल्या, मुळं ओली करून गाडीत रचल्या आणि मला फोन करून बजावलं, "वरतं वझं नोको ठेवजा. पान्याचा हपका मारत राहाजा. सांजच्या आंत चिखलात गेले पायजेत." मी ते टेम्पोवाल्यालाही फोनवर सांगितलं. तो हो हो म्हणाला. इकडे वहिनी आणि काकू यांनी गाळ तुडवून आपापल्या बांधीत चिखल तयार ठेवला होता. पुरानंतर पावसाने तोंड फिरवलं होतं, ऊन चटकत होतं, म्हणून दोघींनी उतरत्या पाण्यातलं थोडं पाणी धुरे लिंपून अडवून धरलं होतं. दुपारपर्यंत गाडी अड्याळला येईल, मी तिच्यातूनच जाईन, असं ठरलं होतं.

दुपार झाली, गाडी आली नाही. टेम्पोवाला फोन उचलेना. मी चारदा रस्त्यावर जाऊन आले. शेवटी नवरा गल्ल्यामागून म्हणाला, "येईन ना. भंडाऱ्याले जरासा थांबला असन."

"भंडाऱ्याले कायले?"

तेव्हा कळलं. दादाने पोत्यांचं काय करायचं म्हणून माझ्या नवऱ्याला फोन केला होता. पोती भंडाऱ्याला ट्रान्सपोर्टच्या गोदामात येऊन पडली होती, आणि आमचा टेम्पो बपेऱ्याहून तुमसर, भंडारा करत येणारच होता. माझ्या नवऱ्याला गाडीत रिकामी जागा दिसली की पोटात दुखतं. जन्म त्याचा दुकानात गेला आहे. त्याने टेम्पोवाल्याला सांगून टाकलं, येतच आहेस तर पोती टाकून आण. मला सांगितलं नाही, कारण त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

गाडी आली तेव्हा उन्हं कलली होती. पुढचं सगळं टेम्पोवाल्याने सांगितलं, आणि तो काही खोटं बोलत नव्हता. गोदामात पोती तयार होती, पण पुण्याच्या लोकांना पोत्यांचा बॅनरसकट फोटो हवा होता. बॅनर कुठल्यातरी पोत्यात भरून पाठवला होता. तो शोधायला पोती सोडली, पुन्हा शिवली. फोटो काढून पाठवला, तर बॅनरची घडी अक्षरांवर आली होती म्हणून पुण्याहून पुन्हा काढायला सांगितलं. मग पोती पऱ्ह्यांवर चढवली. मग ढग दिसले म्हणून वरून ताडपत्री आवळली. पोह्यांना पाणी लागायला नको होतं, पऱ्ह्यांना पाणी हवं होतं, आणि गाडी एकच होती. ढग आले तसे निघून गेले. ताडपत्री राहिली.

मी ताडपत्रीखाली हात घातला. आत वाफ होती. भाताच्या कुकरचं झाकण काढल्यावर येते तशी.

"मालकानंच सांगतलं जी," टेम्पोवाला म्हणाला.

नवरा दुकानातून हसत बाहेर आला होता. एका खेपेत दोन कामं झाली, असं काहीतरी म्हणणार होता तो, मला खात्री आहे. त्याने माझा चेहरा पाहिला, मग त्यानेही हात आत घातला, आणि स्वतः एकेक पोतं उतरवायला लागला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाजूच्या पानठेल्यावरची माणसं उठून पाहायला आली होती एवढं सांगते. त्यातल्या एकाने पोत्यावरची चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "पोहे आले पुन्यावरून, आता तर्री कोन धाडते?" आमच्याकडे पोह्यांवर झणझणीत रस्सा, म्हणजे तर्री, ओततात; सगळे हसले. दुसऱ्या कुठल्या दिवशी मीही हसले असते.

पेंड्यांवर बादल्या ओतून आम्ही तशीच गाडी माहेरी नेली. दिवेलागणीला पोचलो. वहिनीने पेंडी हातात घेतली, नाकाशी नेली, आणि एवढंच म्हणाली, "पान्यात उभ्या करून ठेवू. सकारी पाहू." तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी बायका रोवायला आल्या. वहिनी आणि काकू धुऱ्यावर बसून पेंड्या सोडत होत्या. कडेच्या पेंड्या बऱ्या होत्या. मधल्या, ज्यांच्यावर पोती होती त्या, खालून काळ्या पडल्या होत्या, आणि पातं ओढलं की गाभा निसटून हातात यायचा. एक ढीग चांगल्यांचा, एक फेकायचा. फेकायचा ढीग वाढत गेला. मी नुसती पाहत उभी होते आणि मनातल्या मनात पुण्याला, भंडाऱ्याला, माझ्या नवऱ्याला आणि त्या बॅनरच्या घडीला शिव्या देत होते. शिव्यांनी एकही पऱ्हा जगला नाही.

निवडून झालं तेव्हा चांगले पऱ्हे एका बांधीपुरते होते.

मला वाटलं, वहिनी आता अर्धे काकूकडे सरकवेल. तसं ठरलंच होतं. वर्तमानपत्रात अशा गोष्टी छापून येतात, गरिबाने अर्धी भाकरी दिल्याच्या, आणि मला खरंच वाटत होतं की आता तसं होईल. वहिनी उठली, पदर खोचला आणि चांगल्या पेंड्या उचलून स्वतःच्या बांधीत रोवायला टाकू लागली. सगळ्या. काकूकडे न पाहता ती म्हणाली, "अर्धी अर्धी रोवून कोनाचंच वरीस निघत नाई."

हे हिशेबाने बरोबर होतं. तरी मला तोंड फिरवावंसं वाटलं.

काकूने हाताचा चिखल धुऱ्यावर पुसला. मग म्हणाली, "भर बाई, भर. खरंच हाय तुह्यं." आणि लुगडं वर खोचून ती वहिनीच्या बांधीत उतरली. बायकांच्या ओळीत तिने आपली जागा घेतली आणि रोवायला लागली. तिचा हात सगळ्यांत झपझप चालत होता. वहिनी तिच्या शेजारीच होती. रोवताना मान खालीच असते, त्यामुळे वहिनी रडत होती ते बायकांना दिसलं नसेल. मी धुऱ्यावर होते, मला दिसलं. घरात गाळ पाहून ती रडली नव्हती, सडलेलं धान दाखवताना रडली नव्हती.

दुपारी रोवणी संपली. बांधी हिरवी दिसायला लागली, पण पाणी अगदीच कमी होतं. पायांनी तुडवून उरलंसुरलं पाणीही चिखलात जिरलं होतं आणि वर ऊन होतं. नव्या रोवणीला पाणी नसलं तर ती दोन दिवसांत मान टाकते. आभाळ निळं कोरडं होतं. वहिनी हात धुवायचे विसरून आभाळाकडे पाहत उभी राहिली.

काकूने कुदळ उचलली आणि ती स्वतःच्या रिकाम्या बांधीकडे गेली. तिच्या चिखलावर अजून चांगलं टीचभर पाणी होतं, इतके दिवस राखलेलं. मधल्या धुऱ्यावर तिने चार-पाच घाव घातले. तिचं पाणी वहिनीच्या बांधीत यायला लागलं.

"माह्यावालीत कायले ठेवू आता," ती म्हणाली, कुदळ खांद्यावर टाकली आणि घरी निघून गेली.

वहिनीने तिला हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग तिने पाण्याकडे पाहिलं, रोवलेल्या ओळींकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. नको म्हणायची तिची ऐपत नव्हती.